आई उर्फ व्यक्ती क्रमांक एक

आईवर गुन्हा दाखल झाला त्या दिवशी ती भलतीच खुशीत होती. पोलीस ठाण्यातून घरी आली, चपला काढल्या आणि चहाचं आधण ठेवता ठेवता सुनेला म्हणाली, "काय सुरेख अक्षर होतं गं त्या हवालदाराचं! माझा सगळा जबाब लिहून घेतला, एक खाडाखोड नाही. मी आभार मानले त्याचे."

"जबाब? आई, कसला जबाब?"

"चोरीचा. आणखी दोन-तीन कलमं आहेत म्हणे. तुला साखर किती घालू?"

नेमका त्याच वेळी मुलगा कचेरीतून परतला आणि शेवटची दोन वाक्यं त्याच्या कानांवर पडली. तो सरकारी वकील होता. या घरात गुन्ह्याच्या बातम्या आणायचं काम आजवर त्याचं होतं, आणि त्या बाहेरच्या लोकांच्या असायच्या. तो होता तिथेच खाली बसला.

आईला आभार मानायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण सवय म्हटली तर माणूस ती कधीतरी विसरतो. बसमधून उतरताना ती चालकाचे आभार मानायची. फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या यंत्रालाही "बरं हं, धन्यवाद" म्हणायची. चुकीचा दात काढणाऱ्या दंतवैद्यालासुद्धा "हात मात्र हलका आहे हो तुमचा" असं सांगून ती घरी आली होती.

झालं होतं ते असं. आईची एक जुनी मैत्रीण पायाला प्लास्टर घालून रुग्णालयात पडली होती. आई भेटायला गेली तेव्हा ती काकुळतीला येऊन म्हणाली, "मला एकदा आभाळ दाखव गं. हा छताचा पंखा बघून बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय." बाहेर व्हरांड्यात एक व्हीलचेअर रिकामी उभी होती. आईने कोणाला विचारलं नाही. विचारायला तिथे कोणी नव्हतंच. फाटकावरच्या पहारेकऱ्याने या दोघींचा एकूण रुबाब बघून फाटक उघडून धरलं, आईने त्याचे आभार मानले, त्याने सलाम ठोकला. आधी फाटकापर्यंतच जायचं होतं. मग कोपऱ्यापर्यंत. मग कोपऱ्यापलीकडे एक मोठं झाड होतं, त्याच्या सावलीपर्यंत.

त्या झाडापासून रस्त्याला उतार लागतो. आईने खुर्चीचा ब्रेक ओढला आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढायला दोन्ही हात सोडले. खुर्ची निघाली. मैत्रीण ओरडत गेली. ती भीतीने ओरडत होती की आनंदाने, यावर पुढे बरीच भवति न भवति झाली. उताराच्या तळाशी एका कुंडीवाल्याचं दुकान होतं, आणि त्याने त्याच सकाळी मातीच्या नव्या कुंड्या रस्त्याच्या कडेला ओळीने मांडल्या होत्या. खुर्ची त्या ओळीत शिरली आणि थांबली. मैत्रिणीला ओरखडासुद्धा आला नाही. तिच्या मांडीवर एक झाड तेवढं येऊन बसलं होतं.

धापा टाकत आई पोहोचली. मैत्रीण धडधाकट आहे हे बघून तिला इतकं भरून आलं की तिने कुंडीवाल्याचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू हो? तुमच्या कुंड्या नसत्या तर ही थेट चौकात गेली असती! किती छान ठिकाणी ठेवल्या होत्या तुम्ही!"

कुंडीवाला खापरांच्या ढिगात उभा होता. "माझं दुकान फुटलं," तो पोलिसांना सांगत होता, "आणि ही बाई मला धन्यवाद देतेय! एकदा नाही, पाचदा!" तिकडे रुग्णालयाची खुर्ची हरवल्याची ओरड झालीच होती. दोन्ही तक्रारी एका जागी आल्या आणि आईचा गुन्हा रीतसर उभा राहिला.

एवढं ऐकून झाल्यावर मुलगा ओरडला, "आई, मला काही सांगू नकोस!"

"सांगून झालं की," आई म्हणाली. "चहा घे."

मुलाची ही घायकूत उगाच नव्हती. त्याच्या कचेरीत चार सरकारी वकील होते. पोलिसांचे कागद आले की खटला भरायचा की नाही ते हे चौघं ठरवत. मुलाच्या मनाला एक गोष्ट बरेच दिवस खात होती. चांगल्या वस्तीतल्या कोणी दुचाकी पळवली की कागदावर 'समज देऊन सोडावे' असा शेरा पडे, आणि नाल्यापलीकडच्या कोणी तीच पळवली की थेट खटला. कोणी मुद्दाम करत नव्हतं. नाव, पत्ता, धंदा वाचला की हात आपोआप तसा वळायचा. म्हणून त्याने एक योजना काढली. कागद वकिलाकडे जाण्याआधी नाव, वय, पत्ता, बाई की पुरुष, नातं, धंदा, ज्यावरून माणसाचा अंदाज येतो ते सगळं काळं करायचं. आधी निर्णय लिहायचा, मग काळं काढायचं. आणि फाईलमधल्या माणसाची ओळख वकिलाला बाहेरून कळलीच, तर त्याने ती फाईल हातातून सोडायची.

मुख्य सरकारी वकील होत्या मोठ्या मॅडम. त्यांनी "करून बघू" म्हणून परवानगी दिली. काळं करायचं काम ज्या कारकून बाईंकडे आलं, त्यांना आठवड्याभरात सगळे काजळबाई म्हणू लागले. त्या कामाच्या इतक्या पक्क्या की बाई-पुरुष कळू नये म्हणून क्रियापदांची शेपटंसुद्धा काळी करायच्या.

आता याच कचेरीत आईची फाईल जाणार होती. मुलाला सगळं ठाऊक, म्हणून तो बाद. उरलेल्या तिघांपैकी कोणाकडे गेली हे विचारायलाही त्याला बंदी. नियम त्यानेच लिहिलेला. या वयात आई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांचे आभार मानते आहे, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मनातल्या मनात मात्र त्याने लोणीसाहेबांचा धावा चालवला होता. त्यांचं हे नाव कचेरीने ठेवलेलं. समोरचा माणूस जरा रडवेला झाला की ते वितळायचे. तिसऱ्या होत्या करवतबाई. त्यांच्यासमोर कोणाची डाळ शिजत नसे. त्यांच्या हातची फाईल सुटली असं कोणाला आठवत नव्हतं, आणि या योजनेविषयीही त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बघू किती दिवस टिकते."

आणि फाईल खरोखरच लोणीसाहेबांकडे गेली होती. सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण त्या दिवशी मुलगा चष्मा घरी विसरला.

आई चष्मा घेऊन कचेरीत आली. मुलगा कोर्टात होता. लोणीसाहेबांनी तिला खुर्ची दिली, आईने आभार मानले, त्यांनी सहज विचारलं, "कशा आहात आई? तब्येत काय म्हणते?"

"तब्येत एकदम छान! फक्त माझ्यावर केस चालू आहे."

लोणीसाहेब खो खो हसले. आईही हसली आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. व्हीलचेअर आली तेव्हा ते हसत होते. उतार आला तेव्हा हसू जरा कमी झालं. कुंडीवाल्याचे आभार मानल्याचं आलं आणि त्यांच्या हातातला कप बशीवर आपटला.

संध्याकाळी त्यांनी मुलाला जिन्यात गाठलं. "अरे, व्यक्ती क्रमांक एक तुझी आई? 'व्यक्ती क्रमांक दोन हालचालीस असमर्थ असताना त्यांना चाके असलेल्या साधनात घालून नेले, उतारावर सोडून दिले, आणि नुकसानीनंतर व्यक्ती क्रमांक तीन यांचे वारंवार आभार मानून त्यांना डिवचले.' मी तर एखादा धिप्पाड मिशाळ दरोडेखोर डोळ्यांसमोर धरून बसलो होतो!"

"मग? फाईल?"

"परत केली. नियम तुझाच आहे ना?"

मुलाने घरी येऊन कपाळाला हात लावला. झाला प्रकार ऐकून आईला फार वाईट वाटलं. "त्या बिचाऱ्या साहेबांचं काम अडलं माझ्यामुळे. केवढे आदबीने बोलले होते! उद्या जाऊन माफी मागते."

"उद्या तू घराबाहेर पाऊल टाकायचं नाहीस," मुलगा म्हणाला.

आईने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर तिला राहवलं नाही. कचेरीच्या लिफ्टमध्ये एक बाई हातात फायलींची चळत घेऊन उभ्या होत्या. वरची फाईल घसरली, ती आईने झेलली. बाई म्हणाल्या, "आभारी आहे." आईला कोणी आभारी आहे म्हटलं की ती त्या माणसाची कायमची होऊन जाई. त्यात लिफ्ट जुनी, गोगलगायीसारखी चढायची. बाईंनी "कोणाला भेटायचंय?" असं विचारलं मात्र, वरचा मजला येईपर्यंत आईच्या गोष्टीतली खुर्ची उतार संपवून कुंड्यांत शिरली होती. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मोठ्या मॅडम, कारण त्या मोठ्या मॅडमच होत्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि काजळबाईंनी सकाळीच त्यांच्या टेबलावर ठेवलेली फाईल त्यांना आठवली होती.

अशा रीतीने फाईल करवतबाईंकडे गेली.

त्या रात्री मुलाला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, असं तोंड पाडून काय बसलात? करवतबाईंनाही कळलं तर काय होईल?"

"फाईल शेजारच्या शहरातल्या कचेरीत जाईल."

"तिथे काळं करतात?"

"नाही. तिथे अजून सगळं उघडंच असतं."

"म्हणजे तिथे आईंचं वय दिसेल. आडनाव दिसेल. तुमच्याच आई आहेत हे दिसेल." बायकोने त्याच्या ताटात भात वाढला. "फाईल न वाचताच आईंना सोडून देतील ते. मग पाठवा की आईंना करवतबाईंकडे. एक कप चहा, काम फत्ते."

मुलाने वर पाहिलं. हे त्याच्याही मनात आलं होतं, म्हणूनच त्याला बायकोचा राग आला. कोणाला एक खोटा शब्द बोलायचा नव्हता, कोणाच्या पाया पडायचं नव्हतं. आईला फक्त मोकळं सोडायचं होतं. आणि नाल्यापलीकडच्या कोणाच्या आईला अशी दुसरी कचेरी कुठून मिळणार होती?

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "माझ्यामुळे त्या बाईंवर कामाचा बोजा पडला, नाही का रे? जाऊन दोन शब्द बोलू का?"

"नको," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "नको, आई. त्या बाईंना भेटू नकोस. माझी शपथ आहे तुला."

आईने शपथ पाळली. पण दोन दिवसांनी करवतबाईंनी फाईलवर एक शेरा मारला: 'व्यक्ती क्रमांक दोन यांना कोणी काही विचारले आहे काय? जबाब घ्यावा.' पोलिसांनी मैत्रिणीचा जबाबच घेतला नव्हता. वय झालंय, गोंधळलेल्या आहेत, असं धरून चालले होते. मैत्रिणीला कचेरीच्या तळमजल्यावर जबाबासाठी आणलं आणि तिने आईचा हात सोडायला साफ नकार दिला. आत जबाब चालू झाला तेव्हा आई बाहेर बाकावर बसली.

मुलगा जिना उतरत होता. त्याने आईला पाहिलं, आणि समोरून बाटलीत पाणी भरायला निघालेल्या करवतबाईंनाही पाहिलं. आई त्यांच्याकडे बघून हसायच्या बेतात होती. विचार करायला वेळ नव्हता. त्याने आईला दंडाला धरून उठवलं, जुन्या फर्निचरच्या खोलीत लोटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"दारात काय उभे आहात?" करवतबाई म्हणाल्या.

"सहज."

दार आतून हललं. करवतबाईंची भुवई वर गेली. "आत कोण आहे?"

एक नाव घेतलं असतं, की फाईल शेजारच्या शहरात. बाई समोर उभ्या होत्या, विचारतही होत्या.

"बाई, सांगता येत नाही," तो म्हणाला. "नियमाने सांगता येत नाही."

करवतबाईंना तेवढं पुरलं. मग त्यांनी बाटली काखेत मारली, दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे गच्च मिटले आणि कोपराने भिंत चाचपत तशाच पुढे गेल्या. वळणावर त्यांचा कचऱ्याच्या डब्याला धक्का लागला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आपल्या आईची फाईल हातातून निसटू न देणारी ही बाई आपल्याला आज इतकी आपली का वाटतेय, हे मुलाला कळेना, पण वाटली खरी.

आत आई म्हणत होती, "अरे, इथे किती छान जुन्या खुर्च्या आहेत!"

निर्णय आठवड्याच्या शेवटी आला. काजळबाईंनी काळं काढलं आणि काम संपल्यामुळे आता तो मुलालाही वाचता आला. मैत्रिणीने सांगितलं होतं, 'मीच म्हटलं, ने. मी गोंधळलेली नाही, कंटाळलेली आहे. ब्रेक हिने ओढला होता, मी पाहिलं. मी आनंदाने ओरडत होते.' करवतबाईंनी लिहिलं होतं की खुर्ची परत न करण्याचा इरादा कुठेच दिसत नाही, तेव्हा चोरी नाही. ब्रेक तपासून घेतला. तो मोडका निघाला, तेव्हा जीव धोक्यात कोणी घातला ते रुग्णालयाने सांगावं. मग कुंडीवाल्याला बोलावून त्यांनी विचारलं होतं, तुम्हाला नक्की काय हवंय? हे त्याला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, खटला घेऊन काय करू? मला मदतीला हात हवेत आणि एकदा तरी कोणीतरी चुकलं म्हणावं. 'खटला भरू नये. दोघांना समोरासमोर बसवावे.' खाली सही.

आई कुंडीवाल्यासमोर बसली. आभार मानायचे नाहीत, असं मुलाने तिला बजावून पाठवलं होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ते खरंच होतं. मैत्रीण वाचल्याच्या आनंदात त्या माणसाची फुटलेली मेहनत तिला दिसलीच नव्हती. आता ती आणि मैत्रीण त्याच्याकडे रोपं लावायला जातात. कुंडीवाला खुर्चीच्या चाकांखाली स्वतः विटा लावतो.

मुलगा हसऱ्या तोंडाने लोणीसाहेबांकडे गेला. "सुटली आई. तुमच्याकडे असती तर एवढा घोर लागला नसता."

लोणीसाहेब खुर्चीत चुळबुळले. "खरं सांगू? रागावू नकोस. मी खटला भरा असंच लिहायला घेतलं होतं."

"तुम्ही?"

"अरे, मी माणसाचं तोंड बघून विरघळतो. तोंडच काळं केलेलं. पोलिसांनी लिहिलं ते मला खरं वाटलं." त्यांनी आवाज खाली आणला. "आजवर ज्यांना मी रडवेली तोंडं बघून सोडलं, ते सुटले. ज्यांना रडता आलं नाही, त्यांचं काय केलं असेल मी? परवापासून झोप नाही मला."

ज्या बाईंच्या नावाने मुलगा इतके दिवस बोटं मोडत होता, त्यांच्या दारासमोर तो कितीतरी वेळ उभा राहिला. शेवटी घरी जाऊन आईला घेऊन आला. शपथ मागे घेतली.

करवतबाई मान खाली घालून लिहीत होत्या. आई पुढे झाली. "तुमचे फार फार आभार मानायला आलेय."

"माझे? कशाबद्दल?" करवतबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्यांना उलगडा झाला. त्या एकदम ताठ बसल्या. "हे बघा, मी तुमच्यासाठी काहीही केलेलं नाही. तुम्ही कोण, हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"म्हणूनच तर आलेय," आई म्हणाली. "ओळखीचे लोक माझ्यासाठी नेहमीच करतात. ओळख नसताना माझी एवढी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती."

करवतबाईंनी टेबलाचा खण ओढला, त्यात काहीतरी शोधलं, खण बंद केला. कोर्टात कोणाला पुरता श्वास घेऊ न देणाऱ्या या बाईंनी शेवटी मुलाला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "अहो, यावर काय म्हणायचं असतं?"

"काही नाही बाई," मुलगा म्हणाला. "बसा म्हणायचं. चहा घ्या म्हणायचं."

"बसा," करवतबाई म्हणाल्या. "चहा घ्या."

आई बसली. करवतबाईंनी लेखणीचं टोपण लावलं, खुर्ची जरा पुढे ओढली. "फाईलमध्ये निम्मं कळलंच नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून सांगा. काही वगळू नका."

आईने सांगायला सुरुवात केली. ती कुंडीवाल्याचे हात धरण्यापर्यंत आली तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात काजळबाई, लोणीसाहेब आणि मोठ्या मॅडम आपापल्या खोल्यांतून डोकावून एकमेकांकडे बघत होते. करवतबाईंना हसताना कचेरीने पहिल्यांदाच ऐकलं होतं.